अटॅचमेंटचं नाव नेमकं कुठे बिघडतं? ईमेल अर्काइव्हमधली गडबड शोधायची पद्धत

दोन वर्षांपूर्वीचं बिल ईमेल अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने मेल साठवून ठेवणाऱ्या यंत्रणेत, शोधावं, तर ‘अननेम्ड’ नावाचं, एक्स्टेन्शन नसलेलं काहीतरी हाती लागतं. किंवा ‘जमाखर्च’ नावाच्या पीडीएफच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइल खराब झाली, असं आधी वाटतं. बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते. बिघडलेली असते ती तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी चार हातांतून जाते: मेल उलगडून वाचणारा पार्सर, ती साठवणारा डेटाबेस किंवा डिस्क, शोधासाठी तयार होणारा इंडेक्स, आणि शेवटी स्क्रीनवर दाखवणारा किंवा डाउनलोड करून देणारा भाग. यांतल्या कोणाच्या हातून चिठ्ठी खराब झाली, एवढंच शोधायचं असतं. पण ते न शोधता थेट सेटिंग बदलायला घेतलं की दोन दिवस जातात आणि हाती काही लागत नाही.

आधी कच्चा मेल मिळवा

तक्रारीसोबत स्क्रीनशॉट येतो, नाहीतर तोच मेल फॉरवर्ड होऊन येतो. स्क्रीनशॉटवरून किमान लक्षण तरी कळतं. फॉरवर्ड केलेला मेल मात्र दिशाभूल करतो, कारण फॉरवर्ड करताना मेल प्रोग्राम अटॅचमेंटची चिठ्ठी स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहितो आणि जी चूक शोधायची तीच पुसली जाते. हवी असते ईएमएल फाइल, म्हणजे मेलचा जसाच्या तसा कच्चा मजकूर. जीमेलमध्ये ती ‘शो ओरिजिनल’मधून डाउनलोड होते, थंडरबर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून. आउटलुकची एमएसजी फाइल चालत नाही. तो मायक्रोसॉफ्टचा वेगळा साचा आहे आणि अटॅचमेंटची मूळ हेडरं (तिची माहिती देणाऱ्या ओळी) त्यात जशीच्या तशी राहत नाहीत.

तोच मेल अर्काइव्हमधूनही कच्च्या रूपात काढा आणि दोन्ही प्रती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये शेजारी शेजारी उघडा. अर्काइव्हच्या प्रतीत नाव बरोबर असेल, तर साठवण शाबूत आहे आणि दोष वाचण्यात, इंडेक्समध्ये किंवा दाखवण्यात आहे. तो दुरुस्त होतो. तिथेच नाव बिघडलेलं असेल तर मामला गंभीर. पाइलरसारखी काही अर्काइव्ह सॉफ्टवेअर मेल आणि अटॅचमेंट वेगवेगळे साठवतात आणि मागितल्यावर पुन्हा जोडून देतात, त्यामुळे ही तुलना तिथे आणखी महत्त्वाची. पाइलरसोबत ‘पाइलरटेस्ट’ नावाची छोटी आज्ञा येते. तिला ईएमएल फाइल दिली की पार्सरला अटॅचमेंटचं नाव, प्रकार आणि आकार काय दिसतो ते ती छापते. पहिल्या हाताची झडती दहा सेकंदांत होते.

एकाच नावाच्या तीन लिखावटी

ईमेलचा १९८२ चा मूळ नियम फक्त साध्या रोमन अक्षरांचा होता. अटॅचमेंटची सोय १९९२ मध्ये माइम नावाच्या मानकामुळे आली, आणि इतर लिप्यांतली नावं लिहायची अधिकृत रीत ठरायला १९९७ उजाडलं. मधल्या काळात ज्याने त्याने आपापली वाट काढली. त्या सगळ्या वाटा आजही वापरात आहेत, आणि अर्काइव्हला त्या सगळ्या कळाव्या लागतात.

नाव दोन ठिकाणी असू शकतं. ‘कंटेंट-टाइप’ या ओळीत ‘नेम’ म्हणून, आणि ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या ओळीत ‘फाइलनेम’ म्हणून. दोन्हीकडे वेगवेगळी नावं असलेले मेलही येतात. पार्सरने कोणाचं ऐकायचं याचा व्यवहार्य क्रम असा: आधी तारांकित फाइलनेम, मग साधं फाइलनेम, मग तारांकित नेम, शेवटी साधं नेम.

तारांकित म्हणजे काय ते ‘जमाखर्च’वरच बघू. या शब्दात युनिकोडचे सात घटक आहेत: ज, म, काना, ख, र, हलंत, च. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायची नेहमीची पद्धत) प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे २१. आरएफसी (इंटरनेटची क्रमांकित नियमपत्रं) २२३१ च्या अधिकृत रीतीत ‘फाइलनेम’ किंवा ‘नेम’ या शब्दापुढे तारा लावायचा आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंक-अक्षरं असा लिहायचा, म्हणजे सात घटकांच्या शब्दाला ६३ अक्षरं लागली. नाव थोडं लांब झालं की ते ओळीत मावत नाही, म्हणून तुकडे करून त्यांना शून्य, एक, दोन असे क्रमांक देतात. तुकडे जोडायला न येणारा पार्सर एकतर काहीच उचलत नाही (तोच आपला ‘अननेम्ड’), किंवा फक्त पहिला तुकडा उचलतो. एक्स्टेन्शन असतं शेवटच्या तुकड्यात. ते गळालं की प्रकारही ओळखू येत नाही. नावाची तक्रार आणि प्रकाराची तक्रार जोडीने येतात त्या यामुळे.

दुसरी रीत आरएफसी २०४७ ची: बरोबर चिन्ह, प्रश्नचिन्ह, लिपीचं (म्हणजे यूटीएफ-८ सारख्या अक्षरसंचाचं) नाव, बी किंवा क्यू, आणि मग त्या पद्धतीने साध्या रोमन चिन्हांत बदललेला मजकूर. बी म्हणजे बेस-६४. ही रीत विषयाच्या ओळीसाठी आहे. फाइलच्या नावात ती वापरायला नियमात स्पष्ट मनाई आहे, तरी सर्रास वापरतात. म्हणून ‘नियमात बसत नाही’ म्हणणारा कडक पार्सर इथे उपयोगाचा नाही. पायथनचं ईमेल मॉड्यूल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मेल वाचताना ‘पॉलिसी’ दिली नाही तर ते जुन्या पद्धतीने चालतं आणि अशी नावं न उलगडता तशीच परत देतं. ‘डिफॉल्ट’ नावाची नवी पॉलिसी मुद्दाम द्यावी लागते. नावावरून वाटतं तशी ती आपोआप लागू होत नाही.

या रीतीत एक मराठी मेख आहे. एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा. वेष्टनाची १२ वजा केली की ६३ उरतात, बेस-६४ चार-चारच्या गटात चालतं म्हणून कामाची ६०, आणि त्यात बसतात ४५ बाइट. देवनागरीचे फक्त १५ घटक! ‘मासिक ताळेबंद मार्च’ एवढं साधं नावही दोन तुकड्यांत जातं. तुकडा अक्षराच्या मध्ये पाडू नये असा नियम आहे, पण काही प्रोग्राम बाइट मोजून सरळ सुरी चालवतात. मग प्रत्येक तुकडा वेगळा उलगडला की जोडावर एक अक्षर मरतं आणि तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. उपाय: लगतच्या तुकड्यांची लिपी एकच असेल तर आधी सगळे बाइट सलग करायचे, मग त्यांची अक्षरं करायची.

तिसरी रीत म्हणजे रीतच नाही. कच्चे यूटीएफ-८ बाइट अवतरणचिन्हांत टाकून पाठवणं. बिलं आपोआप पाठवणाऱ्या घरगुती स्क्रिप्टा हे हमखास करतात. काही स्क्रिप्टा अवतरणचिन्हंही घालत नाहीत. मग ‘मार्चचं बिल’ या नावातलं पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचं ‘मार्चचं’ तेवढं उरतं.

चेहऱ्यावरून रोग ओळखा

यादीत नाव कसं दिसतंय यावरून बरंच कळतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यापाठोपाठ चलनाचं गोल चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर देवनागरीचे यूटीएफ-८ बाइट कोणीतरी पश्चिम युरोपीय लिपी समजून वाचलेत. मराठीतल्या बहुतेक अक्षरांचे पहिले दोन बाइट तेच असल्यामुळे हा ठसा चुकत नाही. यात माहिती हरवलेली नसते, उलटं रूपांतर केलं की नाव परत मिळतं.

साधी प्रश्नचिन्हं दिसली तर ती मोजा. ‘जमाखर्च’च्या जागी सात असतील तर नाव पार्सरने बरोबर वाचलं होतं, पण पुढे ज्या डेटाबेस कॉलममध्ये ते ठेवलं त्याला देवनागरी माहीत नव्हती, घटकागणिक एक चिन्ह पडलं. एकवीस असतील तर बाइटच कळले नाहीत, म्हणजे दोष त्याआधीचा. दोन्हीकडे ती नोंद गेलीच, आता कच्च्या मेलमधूनच नाव पुन्हा काढायचं. टक्क्याची चिन्हं किंवा ‘यूटीएफ-८’ असा शब्दच नावात दिसत असेल तर उलगडण्याची पायरी राहून गेलीय. यादीत नाव चोख आणि डाउनलोड केल्यावर वाकडं, असं असेल तर पार्सरला हातही लावू नका. वेब सर्व्हर फाइल देताना पुन्हा एकदा कंटेंट-डिस्पोझिशन लिहितो, चूक तिथे आहे. त्या ओळीचे नियम आरएफसी ६२६६ मध्ये, २०११ चे आहेत.

नावात इमोजी आहे आणि त्याच्या पुढचं सगळं गायब आहे? मग मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ८’ नावाचा जुना प्रकार तपासा. तो घटकाला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात आरामात मावते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला काही कळत नाही. इमोजीला चार लागतात, आणि सर्व्हर कडक मोडमध्ये नसेल तर नाव तिथेच तोडून पुढे चालतो. कॉलम ‘यूटीएफ८एमबी४’ करा आणि डेटाबेसच्या कनेक्शनची सेटिंगही तीच ठेवा. दुसरी अर्धी बाजू लोक विसरतात.

लांब नावं, आणि कऱ्हाडचा ऱ

लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. रोमनमध्ये ती २५५ अक्षरं, देवनागरीत ८५ घटक, आणि काना-मात्रा-हलंत वेगळे मोजले जात असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी अक्षरं. सरकारी पत्राचा अख्खा विषय फाइलला नाव म्हणून देण्याची आपल्याकडची सवय बघता हे ८५ सहज ओलांडले जातात. विंडोजवर नावाची मर्यादा वेगळ्या मापाने मोजली जाते, पण जुन्या प्रोग्रामांसाठी संपूर्ण पाथला २६० ची मर्यादा आहे. फोल्डरात फोल्डर करून एक्स्पोर्ट केलं की ती आडवी येते. शिवाय विंडोजला नावात तिरकी रेघ, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह चालत नाही. ‘बिल क्र. ४५/२०२४-२५’ मधली रेघ लिनक्सला फोल्डरची सीमा वाटते, विंडोजला निषिद्ध चिन्ह.

मूळ नाव डिस्कवर वापरूच नये, हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग. डिस्कवर फाइल क्रमांकाने किंवा हॅशने (मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेने) ठेवायची, पाठवणाऱ्याने दिलेलं नाव डेटाबेसमध्ये अक्षरशः जसंच्या तसं ठेवायचं, आणि साफसफाई फक्त डाउनलोडच्या क्षणी करायची. यामुळे दोन टिंबं आणि रेघ वापरून दुसऱ्या फोल्डरात घुसणारी खोडसाळ नावंही निष्प्रभ होतात. छाटावंच लागलं तर आधी एक्स्टेन्शन बाजूला काढा, मग उरलेलं छाटा.

आता कऱ्हाड. हा ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो. ऱ हे एकसंध अक्षर वापरून. र आणि खालचा नुक्ता असे दोन घटक वापरून. किंवा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तर एकसंध ऱ आपणहून फोडून ठेवायची. म्हणून ‘कऱ्हाड शाखा अहवाल’ समोर दिसतो आणि शोधल्यावर सापडत नाही. पहिल्या दोन तऱ्हा एनएफसी नावाच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरी होत नाही, तिच्यासाठी इंडेक्समध्ये वेगळा नियम लिहावा लागतो. आणि नावं साफ करणारा कोड अदृश्य चिन्हं सरसकट उडवत असेल, तर जॉइनर गेल्यावर ऱ्ह मोडून रफार होतो आणि गावाचं ‘कर्हाड’ होऊन बसतं. प्रमाणीकरण इंडेक्सपुरतं ठेवा, मूळ नावाला हात नको.

इंडेक्सचं आणखी एक दुखणं. स्फिंक्ससारख्या शोधयंत्राला कोणती चिन्हं ‘अक्षर’ मानायची ते सांगावं लागतं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी आणि रशियन आहे. कोणी देवनागरीची अक्षरं घातली पण मात्रा आणि हलंत विसरला, तर ‘जमाखर्च’चे ‘जम’, ‘खर’, ‘च’ असे तीन शब्द होतात. युनिकोडमधली ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची पट्टी घाला, पण दंड आणि दुहेरी दंड तेवढे वगळा. अंडरस्कोर तिथे अक्षर मानला जातो, म्हणून ‘अहवाल_मार्च’ हा एकच शब्द ठरतो आणि नुसतं ‘अहवाल’ शोधून तो मिळत नाही. नावांच्या फील्डसाठी अंडरस्कोर यादीतून काढलेला बरा. अटॅचमेंटच्या आतला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर मात्र इंडेक्सचा दोष नाही: संगणकाच्या लेखी तिथे रोमन चिन्हंच आहेत.

प्रकार: कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा

फाइलचा प्रकार तीन जण सांगतात. कंटेंट-टाइप, एक्स्टेन्शन आणि फाइलचे सुरुवातीचे बाइट. पहिले दोन पाठवणाऱ्याच्या मर्जीचे. कंटेंट-टाइपमध्ये ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘मला माहीत नाही, बाइट आहेत’ एवढाच. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते, झिपची पी आणि के या अक्षरांनी. इथे गोची होते: नव्या वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फाइली मुळात झिपच असतात, त्यामुळे वरवर बघणारा ओळखयंत्र त्यांना झिप ठरवतो. आत ‘वर्ड’ फोल्डर आहे की ‘एक्सएल’, हे बघितल्याशिवाय कळत नाही. जुन्या वर्ड-एक्सेलचीही तीच गत, त्या सगळ्यांची सुरुवातीची सही एकच आहे. उलट टोकाला बऱ्याच पोर्टलवरून उतरणारी ‘एक्सएलएस’ फाइल आतून निव्वळ एचटीएमएल असते, एक्सेल ती कुरकुर करत उघडतं. शोधणारा ‘एक्सेल’ शोधतो, अर्काइव्हने नोंद एचटीएमएल म्हणून केलेली असते. तिन्ही साक्षी वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि शोध तिन्हींवर चालू द्या. एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही.

आणि तो कॉलम किती रुंद आहे ते बघा. एक्सेलच्या नव्या प्रकाराचं अधिकृत नाव ६५ अक्षरांचं, वर्डचं ७१, पॉवरपॉइंटचं ७३. कोणीतरी कधीकाळी ६४ चा कॉलम केला असेल तर तिन्ही कापली जातात, पीडीएफ आणि चित्रं मात्र सुरळीत चालतात. ‘फक्त ऑफिसच्याच फाइली ओळखत नाही’ अशी तक्रार आली की आधी इथे बघावं.

विनमेल, जर्नल आणि नाव नसलेले पाहुणे

‘विनमेल’ नावाची डॅट फाइल दिसली तर पाठवणाऱ्याचं आउटलुक रिच टेक्स्टमध्ये लिहीत होतं. त्याने सगळ्या अटॅचमेंट टीएनईएफ नावाच्या एका गाठोड्यात बांधल्या, खरी नावं गाठोड्याच्या आत आहेत. ‘टीनेफ’ किंवा ‘वायटीनेफ’ हे छोटे प्रोग्राम ते सोडतात. अर्काइव्हच्या सर्व्हरवर त्यांतला एखादा बसवलेला हवा. कायमचा उपाय पाठवणाऱ्या एक्सचेंज सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), रिमोट म्हणजे बाहेरच्या डोमेनसाठी टीएनईएफ बंद करण्याचा.

प्रत्येक मेलला अटॅचमेंट असल्याचं दिसत असेल तर एक्सचेंजचं जर्नलिंग तपासा. जर्नल अहवाल म्हणजे वर एक लिफाफा आणि मूळ मेल त्याला अटॅच केलेला. अर्काइव्हने लिफाफा फोडलाच नाही, तर तोच मेल अटॅचमेंट म्हणून मोजला जातो आणि खरी अटॅचमेंट आणखी एक पायरी खाली जाते. अटॅच केलेल्या मेलला किंवा मीटिंगच्या निमंत्रणाला बहुधा नावच नसतं. मेलसाठी विषयावरून नाव बनवतात, आणि विषयात ‘आरई’ पुढचा कोलन असतोच. विंडोजवर एक्स्पोर्ट अडतो तो त्यापायी.

सहीतल्या लोगोंना आउटलुक ‘इमेज००१’ असं नाव देतं. तीनशे मेलच्या अटॅचमेंट एकाच फोल्डरात काढल्या की दोनशे नव्व्याण्णव लोगो पुसले जातात, त्याचं दुःख नाही. पण ‘इनव्हॉइस’ नावाच्या पीडीएफांचंही तसंच होतं. एक्स्पोर्ट करताना नावापुढे मेलचा क्रमांक जोडायलाच हवा. झिप करून देत असाल तर नोंदीतला, नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगणारा, अकरावा बिट तपासा. तो लावलेला नसेल तर नावं जुन्या डॉस लिपीतली समजली जातात आणि देवनागरीचा चुराडा होतो.

जागा वाचवायला बहुतेक अर्काइव्ह एकसारखी फाइल एकदाच ठेवतात. हॅश मजकुराचा काढतात, नावाचा नाही, आणि ते बरोबरच आहे. मात्र नाव त्या साठवलेल्या फाइलच्या नोंदीत टाकलं असेल तर घोटाळा होतो: ‘दरपत्रक मसुदा’ म्हणून आधी आलेली फाइल नंतर कोणी ‘दरपत्रक अंतिम’ नावाने पाठवली तरी अर्काइव्ह मसुदाच दाखवतो. नाव मेलच्या नोंदीशी बांधलेलं हवं. वाद कोर्टात गेला तर कोणी कोणत्या नावाने काय पाठवलं याला अर्थ असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश द्यावा लागतो, त्यामुळे जुनी नावं ‘सुधारण्यासाठी’ साठवलेल्या मेलमध्ये दुरुस्ती करण्याचा मोह टाळा.

जीमेलवर २५ एमबीच्या वरची फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. अर्काइव्हमध्ये लिंक येते, फाइल येत नाही. त्यावर पार्सरकडे औषध नाही.

दुरुस्तीनंतर

पार्सर सुधारला म्हणून जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. क्रम असा ठेवा: डेटाबेस कॉलम, मग पार्सर, मग इंडेक्सची सेटिंग, आणि सगळ्यांत शेवटी कच्च्या मेलवरून पुन्हा नोंदी आणि इंडेक्स. आधी एका दिवसाचे मेल घेऊन करून बघा. चाचणीला मोजके मेल पुरतात: पंधरापेक्षा जास्त घटकांचं मराठी नाव, नव्वद घटकांचं नाव, तिन्ही तऱ्हांचा कऱ्हाड, तिरकी रेघ असलेलं बिल, इमोजी, एक विनमेल, एक अटॅच केलेला मेल आणि एकच फाइल दोन नावांनी. हे जीमेल, आउटलुक आणि ॲपल मेल अशा तिन्हींवरून पाठवा, कारण प्रत्येकाची चिठ्ठी लिहायची रीत निराळी आहे. ईएमएल प्रती जपून ठेवा आणि अर्काइव्हचं प्रत्येक अपडेट झालं की त्याच पुन्हा चालवा.